पुरावा किती दूर आहे? संशोधन-लेखनाचं एआय साधन डिझाइन करायला बसताना

संशोधनासाठी एआयचं साधन बनवायचं ठरलं की नवा डिझायनर बहुधा फिग्मा हे पडदे आखायचं सॉफ्टवेअर उघडतो, पडद्याच्या मधोमध एक लांबट चौकट काढतो आणि तिच्यात फिकट अक्षरांत लिहितो, ‘काहीही विचारा’. पुढचे दोन महिने सगळं काम त्या चौकटीभोवतीच फिरतं. उत्तर कसं दिसेल, बटण कुठे असेल, रंग कोणता, एवढंच. पण उत्तर हाती आलं की संशोधकाचं काम संपत नाही, खरं तर तिथून सुरू होतं. हे कुणी म्हटलंय? कुठे? कोणत्या पानावर? मूळ वाक्य असंच आहे का? या चार प्रश्नांची उत्तरं वापरणाऱ्याला किती लवकर मिळतात, यावरून मी अशा साधनाची पारख करते. खालच्या सगळ्या पायऱ्या त्याच हिशेबाने लिहिल्या आहेत. पडदे आखण्याची प्राथमिक ओळख तुम्हाला आहे आणि एआय साधनावर पहिल्यांदाच काम करताय, असं मी धरून चालते.

पहिली पायरी: एका माणसाशेजारी बसा

‘संशोधक’ या एका शब्दात पीएचडीची विद्यार्थिनी येते, वकील येतो, बातमीदार येतो आणि आपल्या गावाचा इतिहास लिहिणारे निवृत्त शिक्षकही येतात. चौघांची कामाची रीत वेगळी. त्यातला एकच प्रकार निवडा आणि तसं काम करणाऱ्या पाच-सहा जणांना भेटा. ‘तुम्हाला साधनात काय हवं?’ असं विचारू नका, कारण मग लोक ऐकीव गोष्टी सांगतात. ‘तुमचा शेवटचा लेख कसा तयार झाला, ते फायली उघडून दाखवा’ असं म्हणा आणि गप्प बसून बघा.

मराठी साहित्यात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीशेजारी मी अशीच बसले होते. तिचे निम्मे स्रोत म्हणजे ग्रंथालयात मोबाइलवर काढलेले पानांचे फोटो. ते गॅलरीत घरच्या लग्नाच्या फोटोंमध्ये मिसळलेले. थोड्या स्कॅन केलेल्या पीडीएफ, एक वही आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले निरोप. प्रत्येक अवतरणासाठी ती मूळ पानाकडे तीनदा जात होती: टिपून घेताना, मजकुरात वापरताना आणि मार्गदर्शकांकडे प्रकरण पाठवायच्या आदल्या रात्री. तिसऱ्या खेपेला पान सापडायला सर्वांत जास्त वेळ गेला. त्या संध्याकाळी मला कळलं की तिला उत्तरं देणारं यंत्र नंतर लागेल, आधी आदल्या रात्रीचा तो शोध वाचवणारं काहीतरी हवंय.

तुम्ही बघाल तेव्हा अशी जागा टिपून ठेवा. कुठे हात अडखळतो, कुठे तीच फाइल पुन्हा उघडली जाते, कुठे माणूस ‘नंतर बघू’ म्हणून पिवळी खूण करून पुढे जातो.

दुसरी पायरी: यंत्राने काय करायचं नाही, ते आधी लिहा

कागदावर मधोमध रेघ मारा. एका बाजूला यंत्राची कामं: दोनशे पानांतून संबंधित उतारे काढणं, शोधासाठी पर्यायी शब्द सुचवणं, दोन स्रोत कुठे एकमेकांच्या विरुद्ध जातात ते दाखवणं, संदर्भसूचीचा साचा लावणं. दुसऱ्या बाजूला माणसाची: कोणता स्रोत विश्वासाचा, काय म्हणायचं, कोणतं अवतरण घ्यायचं.

सारांशावर मात्र वाद होतो. माझं मत असं की ‘हा लेख वाचावा का?’ हे ठरवायला सारांश उत्तम, पण उद्धृत करायला मुळीच नाही. म्हणून सारांशाखाली ‘मूळ वाचा’ हे एकच बटण ठेवा, ‘लेखात घाला’ ठेवू नका. लेखात घालायचं बटण फक्त मूळ उताऱ्याशेजारी असावं.

आणखी एक मागणी तुमच्याकडे नक्की येणार आहे, ती म्हणजे ‘साम्य कमी करा’ असं बटण. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमांत साम्याच्या टक्केवारीनुसार पातळ्या ठरलेल्या आहेत. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, त्यापुढे ४० आणि ६० टक्क्यांच्या टप्प्यांनुसार परिणाम वाढत जातात. त्यामुळे प्रबंध सादर करणारे टक्केवारीच्या धास्तीत असतात आणि शब्द अदलाबदल करून देणारं बटण त्यांना हवंहवंसं वाटतं. ते बनवू नका. दुसऱ्याचं वाक्य ओळखू येणार नाही इतकं फिरवलं की विचार दुसऱ्याचाच राहतो आणि त्याच्यापर्यंत जाणारी वाट तेवढी पुसली जाते. त्याऐवजी साम्य असलेल्या वाक्याशेजारी मूळ स्रोत उघडा आणि दोन मार्ग द्या: अवतरणचिन्हांत घ्या, किंवा मूळ बाजूला ठेवून स्वतः मांडा आणि संदर्भ जोडा.

तिसरी पायरी: दावा आणि पुरावा एकाच नजरेत

इथे सर्वांत जास्त वेळ घाला. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका फेडरल न्यायालयात विमान कंपनीविरुद्धच्या दाव्यात वकिलांनी जे निवाडे आधार म्हणून दिले, त्यांतले सहा अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते. जूनमध्ये न्यायालयाने ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. डिझायनरने यातला एक तपशील लक्षात ठेवावा. वकिलाने त्याच चौकटीत ‘हा निवाडा खरा आहे का?’ असं विचारलं होतं आणि तिथूनच ‘हो’ असं उत्तर आलं होतं. म्हणजे त्या माणसाच्या मनात शंका आली होती. शंका घेऊन जायला त्या पडद्यावर दुसरी जागाच नव्हती. ज्याने दावा केला त्यालाच साक्षीदार म्हणून उभं करावं लागलं.

त्याआधी नोव्हेंबर २०२२ मध्ये मेटाने गॅलॅक्टिका नावाचं खास वैज्ञानिक लेखनासाठीचं मॉडेल लोकांसाठी खुलं केलं होतं. शास्त्रीय लेखाच्या थाटात ते चुकीचा मजकूर आणि खोटे संदर्भ लिहू लागलं आणि तीन दिवसांत ते प्रात्यक्षिक बंद करावं लागलं. मजकुराचा थाट हाच लोकांना पुरावा वाटतो, ही अडचण आहे.

मग पडद्यावर काय करायचं? पहिली गोष्ट म्हणजे उत्तराच्या शेवटी पाच दुव्यांची यादी देऊन मोकळं होऊ नका. कोणतं वाक्य कोणत्या दुव्यातलं, हे शोधायचं काम त्यामुळे वापरणाऱ्यावर पडतं आणि तो ते करत नाही. प्रत्येक विधानाला संदर्भाचा स्वतंत्र आकडा हवा. आकड्यावर टिचकी मारली की मूळ पान शेजारच्या भागात उघडावं, नेमका उतारा रंगवलेला असावा आणि त्याच्या आधीचं-नंतरचं वाक्यही दिसावं, कारण ‘असं म्हटलं जातं, पण ते खरं नाही’ यातला पहिला तुकडाच उचलला गेला असेल तर ते शेजारचं वाक्य वाचूनच कळतं. नवी टॅब उघडू नका. टॅब बदलली की वाचणाऱ्याचा धागा तुटतो.

दुसरी गोष्ट तंत्रज्ञांशी बसून ठरवावी लागते. अवतरण आणि संदर्भ मॉडेलकडून लिहून घेऊ नका. मॉडेलने फक्त ‘अमुक स्रोतातला अमुक उतारा’ एवढं बोट दाखवायचं. उताऱ्याची अक्षरं मूळ फाइलमधून उचलायची, लेखक-वर्ष-पान नोंदीतून घ्यायचं आणि अवतरण मुळाशी अक्षरशः जुळतं का हे साध्या संगणकीय तुलनेने तपासायचं. जुळलं नाही तर ते दाखवायचंच नाही. डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक, असेल तर त्या लेखाची नोंद क्रॉसरेफ या असे क्रमांक नोंदवणाऱ्या संस्थेकडे बहुधा पडताळता येते. अनेक मराठी नियतकालिकांना डीओआय नसतो, तिथे वापरणाऱ्याने स्वतः भरलेली नोंद आणि पानाचा फोटो हाच आधार. तसा तो स्पष्ट दाखवा.

तिसरी गोष्ट, ‘सापडलं नाही’ हा पडदा मनापासून आखा. नवे लोक तो शेवटी घाईत उरकतात. ‘तुमच्या १४ स्रोतांत याबद्दल काही नाही. हे शब्द वापरून शोधलं. या दोन फायली वाचता आल्या नाहीत’ असं उत्तर संशोधकाला लांबलचक परिच्छेदापेक्षा अधिक उपयोगी पडतं.

आता खात्री कमी असेल तेव्हा काय दाखवायचं? पुष्कळ जण ‘विश्वासार्हता ८७ टक्के’ असा आकडा लावतात. मला तो पटत नाही. तो कशाचा आकडा आहे हे वाचणाऱ्याला कळत नाही आणि बहुतेकदा बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. याहून चांगली रीत पुण्यात फार पूर्वी वापरली गेली आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून पाठ ठरवलेली आवृत्ती, तयार केली. काम १९१९ मध्ये सुरू झालं, १९६६ मध्ये पूर्ण झालं आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली गेली. त्या आवृत्तीचं एखादं पान उघडून बघाच. वर संपादकांनी ठरवलेला पाठ, आडव्या रेषेखाली कोणत्या हस्तलिखितात काय वेगळं आहे त्याची नोंद, आणि जिथे पाठाबद्दल पुरेशी खात्री नाही त्या अक्षरांखाली एक नागमोडी रेघ. वाचन अडत नाही, पण शंका कुठे आहे ते दिसतं आणि शंकेचं कारण त्याच पानावर खाली सापडतं. तिचे संपादक विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील पानावर जे साधलं, तेच आपल्याला पडद्यावर साधायचं आहे. मी तर नव्या सहकाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात ते पान दाखवते. तुमच्या साधनात तीन अवस्था पुरतात: थेट आधार आहे, अर्धवट आधार आहे, आधार नाही. मधल्या अवस्थेला ती रेघ द्या, आणि तिच्यावर बोट ठेवलं की ‘वर्ष स्रोतात आहे, ठिकाणाचा उल्लेख नाही’ असं नेमकं कारण उघडू द्या.

चौथी पायरी: रिकाम्या चौकटीला सोबत द्या

नुसत्या रिकाम्या चौकटीपुढे माणूस अडतो, कारण यंत्राला काय येतं हे तिच्यावरून कळत नाही. या साधनाचा मुख्य पडदा गप्पांचा नसावा असं माझं ठाम मत आहे. गप्पा वर सरकत जातात आणि काल सापडलेला उतारा आज पंचवीस उत्तरांच्या वर गडप झालेला असतो. मधे लेख, एका बाजूला स्रोत, दुसऱ्या बाजूला टिपणं, अशी मांडणी करा. प्रश्न विचारायची जागा लेखातल्या किंवा स्रोतातल्या निवडलेल्या मजकुराजवळच उघडू द्या. गूगलचं नोटबुकएलएम स्वतःच्या स्रोतांपुरतं उत्तर देतं आणि प्रत्येक मुद्द्याला मूळ उताऱ्याचा आकडा जोडतं. ते तासभर वापरून बघा, कुठे मदत झाली आणि कुठे अडलात ते टिपा.

चौकटीजवळ शोधाची व्याप्ती कायम लिहिलेली हवी: फक्त माझे स्रोत, की बाहेरचंही? ही गोष्ट अंधारात राहिली की पुढचं सगळंच संशयास्पद होतं.

पाचवी पायरी: वाट पाहण्याचा वेळ

वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा आजही कामाला येतात. ०.१ सेकंदात प्रतिसाद आला तर तो तत्काळ वाटतो, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी टिकते, १० सेकंदांपुढे लक्ष दुसरीकडे जातं. तुमचं साधन अनेकदा त्या १० सेकंदांपलीकडे जाणार. म्हणून गोल फिरणाऱ्या चक्राऐवजी काम दाखवा: ‘१४ पैकी ९ फायली पाहिल्या, ६ उतारे मिळाले’. मिळालेले उतारे लगेच वाचायला द्या, संपूर्ण उत्तर जुळून येईपर्यंत अडवून ठेवू नका. ‘थांबवा’ बटण कायम दिसलं पाहिजे, आणि थांबवल्यावर तोवर मिळालेलं तसंच राहिलं पाहिजे.

सहावी पायरी: लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणी

एमएस ऑफिस ९७ मध्ये कागदाला लावायच्या पिनेच्या रूपातला मदतनीस आला होता. माणूस पत्र लिहायला लागला की तो मधेच डोकवायचा. लोक इतके वैतागले की २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये तो मुळातच बंद ठेवून दिला गेला. न विचारता मधे बोलणारं साधन तेव्हाही नको होतं. लिहिताना दर दोन शब्दांनी पुढचं वाक्य फिकट अक्षरांत सुचवणं मी संशोधन-लेखनात टाळते. संगणकीय कोड लिहिताना ते सोयीचं असेल, पण इथे पुढचं वाक्य सुचवणं म्हणजे पुढचा विचार सुचवणं.

सुचवणूक मागितली तरच यावी. आली की मूळ वाक्यावर थेट लिहू नये. जुनं आणि नवं दोन्ही दिसावं, बदललेले शब्द वेगळे दिसावेत आणि स्वीकारणं-नाकारणं वाक्यागणिक व्हावं. ‘सगळं स्वीकारा’ हे बटण मी ठेवत नाही, आणि त्यावरून दरवेळी वाद होतो. परत फिरवण्याची सोय कितीही मागे जाता येईल इतकी खोल हवी.

यंत्राने काय काय केलं याची नोंदही आपोआप ठेवा. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२३ मध्ये एआयला लेखक म्हणून नोंदवता येणार नाही आणि त्याचा वापर लेखकांनी उघड करावा, असं सांगितलं. अशी माहिती सहा महिन्यांनी आठवून लिहिणं कठीण जातं. तारीखवार नोंद असेल तर ती दोन मिनिटांत तयार होते.

अप्रकाशित संशोधन कुठे साठवलं जातं, ते मॉडेलच्या प्रशिक्षणाला वापरलं जातं का आणि ते कसं पुसायचं, हे अटींच्या लांब पानात दडवू नका. फाइल चढवण्याच्या जागीच दोन ओळींत लिहा.

सातवी पायरी: मराठीसाठी वेगळं काय

इंग्रजी साधनाचे शब्द भाषांतरित केले की मराठी साधन झालं, असं होत नाही. पहिला अडथळा फाइल चढवतानाच येतो. युनिकोड ही सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय पद्धत रुळण्याआधी श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉन्टांत बांधलेल्या पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसतात, पण आतला मजकूर काढला की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी हाती येते. साधन ती गुपचूप गिळून पुढे निरर्थक उत्तर देतं. म्हणून फाइल चढवल्याबरोबर काढलेल्या मजकुराच्या पहिल्या चार ओळी मूळ पानाच्या चित्राशेजारी दाखवा आणि विचारा, ‘हे बरोबर वाचलंय का?’ एवढ्या एका पडद्याने पुढच्या कित्येक चुका टळतात.

शोधाची गोष्ट आणखी नाजूक आहे. ‘देऊळ’ शोधलं तर ‘देवळात’ही सापडायला हवं, ‘पाणी’ शोधताना ‘पाण्याला’ही. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये लागू झाले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी अनुस्वारांची रूपं पानोपानी आहेत. शोधताना दोन्ही रूपं एकच धरा, उद्धृत करताना मात्र मुळातला एक ठिपकाही हलवू नका. शुद्धलेखन-तपासनीस ‘नांव’ दुरुस्त करून ‘नाव’ करतो तेव्हा तो १९२० सालच्या लेखकाच्या तोंडी आजचं लेखन घालत असतो. अवतरणचिन्हांतल्या मजकुराला कुलूप हवं. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी संवादांनाही तेच. आणि कुणी ‘केलं’ लिहीत असेल तर त्याचं ‘केले’ करू नका, तो त्याचा निर्णय आहे. सालांचे आकडेही विसरू नका: देवनागरीत शोधलेलं साल इंग्रजी आकड्यांत छापलं असलं तरी सापडलं पाहिजे.

देवनागरीत इंग्रजीसारखी कॅपिटल-स्मॉल अक्षरं नाहीत, आणि तिरकी अक्षरं वाचायला त्रासदायक होतात. त्यामुळे यंत्राचा मजकूर आणि माणसाचा मजकूर वेगळा दाखवायला समासातली खूण किंवा हलकी पार्श्वभूमी वापरा. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त ठेवा, नाहीतर वरची वेलांटी आणि खालचा उकार एकमेकांवर चढतात. बहुतेक मॉडेलं मराठी मजकुराचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे करतात, म्हणून तेच उत्तर मराठीत हळू येतं आणि महाग पडतं. वेळेच्या चाचण्या इंग्रजी मजकुरावर उरकू नका.

आठवी पायरी: पाच जण आणि काही पेरलेल्या चुका

मॉडेल जोडण्याआधीच चाचणी घ्या. खोट्या पडद्यांमागे एक सहकारी बसवा आणि यंत्राच्या जागी त्याला हाताने उत्तरं पाठवायला सांगा. ही पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, आणि कोणती उत्तरं मुळात हवी आहेत ते तिच्यातून कळतं. एका फेरीला पाच जण पुरतात, मग दुरुस्ती करून पुन्हा पाच.

या साधनाला मात्र एक खास चाचणी लागते. दहा विधानांचं उत्तर तयार करा आणि त्यात तीन चुका पेरा: एका विधानातली संख्या मुळापेक्षा वेगळी, एकाचा दुवा बरोबर पण त्या पानावर ते विधानच नाही, आणि एकात मूळ लेखकाचं ‘कदाचित’ गाळलेलं. समोरच्याला सांगा, ‘यावरून एक परिच्छेद लिहा.’ चुका शोधा असं सांगू नका. किती चुका पकडल्या गेल्या, किती आकड्यांवर टिचक्या पडल्या, एक विधान पडताळायला किती सेकंद लागले, ते मोजा. चाचणी संपताच पेरलेल्या चुका एकेक दाखवून द्या, म्हणजे कुणी चुकीची माहिती घेऊन घरी जाणार नाही.

दुसरी चूक, म्हणजे दुवा आहे पण आधार नाही ती, फार कमी जण पकडतात असा माझा अनुभव आहे. नुसता आकडा दिसला की डोळा निवांत होतो. आमच्या एका फेरीत पाचांपैकी चौघे तिच्यावरून पुढे गेले. पडद्यात एकच बदल केला: आकड्याशेजारी मूळ उताऱ्यातले सहा-सात शब्द तिथेच दिसू लागले, टिचकी न मारता. पुढच्या फेरीत तिघे त्या ओळीवर थांबले, आणि त्यातल्या एकीने खुर्ची पुढे ओढत विचारलं, ‘हे इथे कुठे लिहिलंय?’